उडणारा माणूस, गाणारी बाई: पाहिलेल्या सिनेमाबद्दल लिहायला सुरुवात कशी करावी

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची राहायला आली होती. अकरावीत आहे, आणि कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी तिला सिनेमावर लिहायचं होतं. तिला सुपरहिरो आवडतात, मला गाण्यांचे सिनेमे. म्हणून वाटणी केली, एक तिचा आणि एक माझा. तिसऱ्या दिवशी तिनं पहिला कागद आणून दिला. त्यावर लिहिलं होतं: "सिनेमा छान आहे. व्हीएफएक्स भारी. सेकंड हाफ थोडा स्लो. एकदा बघायला हरकत नाही."

मी विचारलं, "यातली कुठली ओळ फक्त तूच लिहू शकली असतीस?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, एकही नाही गं."

पुढचे पाच दिवस आम्ही दोघी त्यावरच बसलो. त्यातून जी पद्धत हाती लागली ती इथे क्रमानं सांगते. ज्यांनी सिनेमावर कधीच काही लिहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे. परीक्षण लिहिणं हे वेगळं काम, त्याला बराच अभ्यास लागतो. इथे विषय आहे तो आपल्याला काय झालं, हे प्रामाणिकपणे आणि नेमकं कागदावर आणण्याचा.

सुरुवात याच दोन प्रकारांपासून का

सुपरहिरोपटात माणूस उडतो. संगीतपटात माणूस बोलता बोलता गायला लागतो आणि कुठूनतरी वाद्यवृंदही वाजू लागतो. दोन्ही गोष्टी आपल्या आयुष्यात घडत नाहीत आणि सिनेमाला ते माहीत असतं. त्या क्षणी तो आपल्याला विचारतो, "येताय का माझ्याबरोबर?" कधी आपण काही न विचारता जातो, कधी खुर्चीतच राहतो. आम्ही या जागेला "उडी" असं नाव दिलं. आपण कुठे उडी मारली आणि कुठे मागे राहिलो, एवढं सापडलं की निम्मा लेख हातात आला. घरगुती, वास्तववादी सिनेमात ही जागा शोधणं अवघड असतं. या दोन प्रकारांत ती ढळढळीत समोर असते, म्हणून नवशिक्यानं इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

मराठी माणसाला तर ही उडी नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, तेव्हापासून आपण पात्राला संवाद अर्धवट सोडून पद म्हणू देत आलो आहोत. वर वन्स मोअर देऊन तेच पद पुन्हा गायलाही लावलं. तेव्हा "मधेच गाणी कशाला?" असं लिहिण्याआधी थोडं थांबा. आपल्या घरात आजोबांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

बसण्याआधी दोन ओळी

एक साधी वही करा. सिनेमा सुरू होण्याआधी दोन ओळी लिहा: हा सिनेमा का बघतोय, आणि काय होईल असं वाटतंय. 'विकेड' या संगीतपटाचा २०२४ मधला पहिला भाग लावण्याआधी मी लिहिलं होतं, "दोन तास चाळीस मिनिटं. गाणी ओळखीची नाहीत. मधे उठावंसं वाटेल." पुढे काय झालं ते सांगतेच, पण या दोन ओळी नसत्या तर मी नंतर स्वतःला सहज पटवलं असतं की मला पहिल्यापासूनच खात्री होती. अपेक्षा लिहून ठेवली नाही की ती मागाहून बदलते.

शेजारी तारीख, कुठे पाहिला, कोणाबरोबर आणि कोणत्या भाषेत, हेही टाका. भाषा विसरू नका. बासिल जोसेफ यांचा 'मिन्नल मुरली' (२०२१) मी आधी हिंदीत पाहिला होता, आता भाचीबरोबर मूळ मल्याळममध्ये, उपशीर्षकं वाचत पाहिला. हिंदीत त्यातल्या खलनायकाची, शिबूची, मला भीती वाटली होती. यावेळी त्याच माणसासाठी पोटात कालवलं. सिनेमा तोच, नट तोच, गुरु सोमसुंदरम. नोंदीत भाषा नसती तर हा फरक कशामुळे पडला याचा शोधच घेता आला नसता.

बघताना

फोन दुसऱ्या खोलीत. थिएटरमध्ये असाल तर बंद करून पिशवीत. अंधारात लिहायला जाऊ नका, लिहिता लिहिता पुढचं दृश्य निसटतं. फक्त शरीराकडे लक्ष ठेवा. अंगावर काटा आला, घसा दाटला, हसू फुटलं, पाय हलायला लागला, घड्याळ बघितलं. असे तीनच क्षण लक्षात ठेवायचे, बोटांवर मोजून. कंटाळाही त्यात धरा. नवीन लिहिणारे कंटाळ्याला प्रतिक्रिया मानत नाहीत, पण तो नेमका कुठे आला हे सांगता आलं तर ती फार मोलाची नोंद असते.

पहिला अर्धा तास

सिनेमा संपल्यावर अर्धा तास कोणाशी त्याबद्दल बोलू नका आणि इतरांचं काही वाचू नका. हे सगळ्यात अवघड आहे. आपण जिने उतरतानाच "कसा वाटला?" विचारतो, आणि समोरच्याचं उत्तर आपल्या तोंडात येऊन बसतं. आम्ही दोघींनी ठरवलं होतं, नोंद झाल्याशिवाय चहा ठेवायचा नाही.

या अर्ध्या तासात दहा ओळी लिहा. छान, भारी, जबरदस्त, बोअर, ओव्हररेटेड हे शब्द वापरायचे नाहीत. त्याऐवजी वाक्याचा साचा असा ठेवा: पडद्यावर जेव्हा अमुक झालं, तेव्हा मला तमुक झालं.

'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) पाहून भाचीनं त्यातल्या माइल्स या शाळकरी, नव्या स्पायडर-मॅनबद्दल या साच्यात लिहिलं: "माइल्स उंच इमारतीवरून उडी मारतो तेव्हा त्याची बोटं काचेला चिकटलेलीच असतात, त्यामुळे काच फुटून त्याच्याबरोबर निघते. मी उशी छातीशी धरली होती, ते गाणं संपल्यावर लक्षात आलं."

पहिल्या कागदाशी हे ताडून बघा. विशेषण एकही नाही, तरी त्या खोलीत बसलेली मुलगी दिसते.

मग कारण शोधा

आता विचारायचं, उशी का धरली? उत्तर बहुतेक वेळा सिनेमात आधीच पेरलेलं असतं. माइल्स घाबरला की त्याचे हात चिकटतात, सुटत नाहीत. आधी शाळेत याच कारणानं त्याचा हात मैत्रिणीच्या केसांत अडकून बसलेला आपण पाहिलेला असतो, हसलेलोही असतो. म्हणजे इमारतीवर काच फुटते तेव्हा तो निर्धास्त झालेला नाही, भीती तशीच आहे आणि तरी त्यानं पाय सोडले आहेत. त्यात पडद्यावरचं चित्र उलटं आहे, शहर वर आणि तो खाली, त्यामुळे तो पडत असताना वर जातोय असं वाटतं. भाचीला हे सापडलं तेव्हा ती उठून उभी राहिली. "म्हणजे मी त्याच्यासाठी घाबरले होते, तो पडेल म्हणून नाही, तो घाबरलाय म्हणून!" मी म्हटलं, हे तसंच्या तसं लिही.

कारण सापडल्यावरच तांत्रिक माहितीकडे वळा. याच सिनेमात सुरुवातीला माइल्सची हालचाल आपल्याला अडखळती वाटते, आणि त्यामागे चित्रकारांनी केलेली एक युक्ती आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. जंगलातल्या दृश्यात पीटर या मुरलेल्या स्पायडर-मॅनला प्रत्येक चौकटीला नवं चित्र मिळतं, तर शेजारी शिकाऊ माइल्सचं एकच चित्र दोन चौकटींपुरतं धरलं जातं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. पुढे त्याला जमायला लागतं तशी त्याची हालचालही सफाईदार होते. ही माहिती सुंदर आहे. पण ती "मला तो धडपडा वाटला" या वाक्यानंतर आली तरच कामाची. आधी आली की लेख माहितीपत्रक होतो आणि तुम्ही त्यातून गायब होता.

सुपरहिरोपटात कुठे बघायचं

उडी नेहमी उडण्याच्या दृश्यातच असते असं नाही. १९७८ सालचा 'सुपरमॅन' मी लहानपणी पाहिला होता आणि माझ्या आठवणीत फक्त लाल केप आणि आकाश होतं. यावेळी भाचीनं मला एक वेगळीच जागा दाखवली. क्लार्क, म्हणजे साध्या वार्ताहराच्या रूपातला सुपरमॅन, लॉइस या सहकारी वार्ताहराच्या घरी आलेला आहे. ती आतल्या खोलीत जाते. तो एकटा उभा. मग तो चष्मा काढतो. वाकलेले खांदे मागे जातात, छाती भरते, मान सरळ होते, आणि तो तिला हाक मारतो तेव्हा आवाजही खालच्या पट्टीत आलेला असतो. आता हा तिला आपण कोण ते सांगणार. पण धीर होत नाही. चष्मा परत डोळ्यांवर, खांदे परत पुढे, आणि समोर पुन्हा तोच गोंधळलेला वार्ताहर. ना तार, ना कसली करामत. ख्रिस्तोफर रीव्हनं हे नुसत्या पाठीच्या कण्यानं केलं आहे.

"मावशी, तो उंच झाला!" भाची ओरडली. आम्ही ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं. माझ्या वहीत त्या दिवशी उडण्याबद्दल एकही ओळ नाही.

म्हणून मुखवट्याआधीच्या आणि मुखवट्याबाहेरच्या दृश्यांवर लक्ष ठेवा. शक्ती मिळाल्यावर पहिल्यांदा ती कशासाठी वापरली? ती वापरताना त्याचं काय जातं? आजूबाजूच्या साध्या माणसांना नावं आणि चेहरे आहेत की नुसती पळणारी गर्दी आहे? 'मिन्नल मुरली'त केरळमधल्या कुरुक्कनमूला नावाच्या गावात वीज पडते आणि ती एकाला नाही, दोघांना शक्ती देऊन जाते. एक शिंपी जेसन, टोव्हिनो थॉमसनं केलेला, आणि दुसरा गावानं कायम हिणवलेला शिबू. वीज एकच, गाव एकच. दोघांना गावाकडून काय मिळालं ते मांडलं की मला शिबूचं वाईट का वाटलं ते आपोआप समोर येतं. मी माझ्या नोंदीत दोन रकाने केले होते, जेसनला कोण काय म्हणतं आणि शिबूला कोण काय म्हणतं. दुसरा रकाना वाचवत नव्हता.

शेवटच्या हाणामारीबद्दल बहुतेक जण "क्लायमॅक्स लांबला" एवढंच लिहितात. लांबला म्हणजे काय झालं? आता कोणाचा जीव धोक्यात आहे हे कळेनासं झालं? कोण जिंकणार ते ठरलेलंच होतं? की नुसता आवाज कानाला नको झाला? तिन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. आपली कुठली ते ठरवा आणि तीच लिहा.

संगीतपटात कुठे ऐकायचं

गाणं संपल्यावर स्वतःला विचारा: गाण्याआधी आणि गाण्यानंतर काय बदललं? कधी पात्राला काय हवंय ते पहिल्यांदा कळतं, कधी निर्णय होतो, कधी काहीच पुढे सरकत नाही, फक्त एक भावना रेंगाळते. रेंगाळणं हा दोष नाही. पण तुम्हाला तिथे थांबावंसं वाटलं की घड्याळ बघावंसं वाटलं, ते सांगा.

गाण्याचं शास्त्र येत नसेल तर रागांची नावं टाकू नका. जाणकाराला लगेच कळतं, आणि त्याची गरजही नसते. श्वास कुठे घेतला ते ऐका. आवाज कुठे चढला, वाद्यं कुठे थांबली, पडद्यावर समोर बसून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते बघा. हे कोणालाही लिहिता येतं.

गाणं रेकॉर्ड कसं झालं याचाही परिणाम होतो. आपल्याकडे गायक आधी स्टुडिओत गातो आणि नट सेटवर ओठ हलवतो, आपल्या कानांना त्याची सवय आहे. २०१२ च्या 'ले मिझराब्ल'मध्ये नटांनी कॅमेऱ्यासमोरच गायलं. त्यांच्या कानात फक्त पियानो वाजत होता, वाद्यवृंद नंतर जोडला. म्हणून ॲन हॅथवेच्या गाण्यात हुंदका येतो, ओळ मधेच तुटते, श्वास भलत्या जागी घेतला जातो. माझ्या एका मैत्रिणीला ते बेसूर वाटलं होतं, मला ते ऐकवत नव्हतं इतकं खरं वाटलं. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्याच, आणि दोन्हींचं कारण एकच.

'कट्यार काळजात घुसली' (२०१५) मात्र या यादीत वेगळा पडतो. त्यातली माणसं मुळात गवई आहेत, दरबारात गातात, एकमेकांशी गाण्यानं लढतात. तिथे गाणं सुरू होण्यासाठी आपल्याला काही वेगळं मान्य करावं लागत नाही. मग उडी कुठे? आमच्याकडे ती माझ्या आईनं दाखवली. तिनं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं मूळ नाटक तरुणपणी पाहिलेलं, वसंतराव देशपांडे खाँसाहेब असतानाचं. सिनेमात खाँसाहेब झालेत सचिन पिळगांवकर आणि त्यांच्यासाठी गायलेत राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "छान केलंय गं. पण मी डोळे मिटले की मला आजोबाच ऐकू येत होते, आणि उघडले की कोणीतरी तिसराच समोर असायचा. मधे मधे फार गोंधळायला झालं."

भाचीनं ते वहीत उतरवून घेतलं, शब्दन्‌शब्द. पाच सिनेमांत आमच्या घरात निघालेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे असं मला वाटतं. त्यात कौतुक आहे, तक्रार आहे, तिचं तारुण्य आहे, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून येऊच शकलं नसतं.

दोन्ही उड्या एकाच जागी

'विकेड'च्या पहिल्या भागाचा शेवट मुद्दाम वेगळा सांगते. (पाहायचा असेल तर हा परिच्छेद गाळा.) इथे नायिका गाता गाता उडते. काळी केप, हातात झाडू, सिंथिया एरिव्हो तारांवर टांगलेली असताना प्रत्यक्ष गातेय. सुपरहिरोची उडी आणि संगीतपटाची उडी, एकदम. मी आधी चिडले होते, कारण गाणं सारखं तुटतं. दोन ओळी होतात, मग पळापळ, मग पुन्हा दोन ओळी. मला ते सलग हवं होतं. मग ती मनोऱ्यावरून खाली कोसळते आणि काचेत तिला लहानपणीची ती दिसते, हिरव्या रंगाची, सगळ्यांनी दूर ठेवलेली मुलगी. तिच्याकडे हात नेताना ती सावरते आणि तिथून वर जाते. त्यानंतरचा सूर लागला तेव्हा मी रडत होते. गाणं तुटत होतं म्हणून तो सूर इतका उशिरा आणि इतका जोरात आला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

उठावंसं वाटेल असं लिहिणारी मी जागची हलले नव्हते. त्या दोन ओळी माझ्या लेखाची सुरुवात झाल्या.

आणखी एक. हा भाग मूळ रंगमंचीय नाटकाच्या मध्यंतरापर्यंतच जातो, उरलेली गोष्ट २०२५ च्या दुसऱ्या भागात आहे. "गोष्ट अर्धवट वाटली" असं लिहायचं असेल तर ही बाब वाचकाला सांगा, मग तक्रार करा.

आता लेख

तीनशे-चारशे शब्द पुष्कळ झाले. सुरुवात तुमच्या सर्वांत जोरदार क्षणानं करा, दिग्दर्शकाच्या आधीच्या सिनेमांच्या यादीनं नको. कथा तीन वाक्यांत बसवा. तीन वाक्यांत बसत नसेल तर तुम्ही कथा सांगताय, प्रतिक्रिया नाही. मग कारण. मग एक तरी जागा जिथे तुम्ही उडी मारली नाहीत, ती कितीही आवडत्या सिनेमात असतेच. शेवट फोडणार असाल तर त्याआधी सांगा, आणि सांगितलेल्या जागेच्या पुढचं काही आधीच्या ओळीत निसटलेलं नाही ना ते तपासा.

नावं श्रेयनामावलीतून घ्या, आठवणीतून नको. नट वेगळा, पार्श्वगायक वेगळा, संगीतकार वेगळा. 'कट्यार'च्या नाटकाला संगीत होतं पंडित जितेंद्र अभिषेकींचं, सिनेमासाठी नवी गाणी केली शंकर-एहसान-लॉय यांनी, आणि 'अरुणी किरणी' गाऊन राष्ट्रीय पुरस्कार मिळवला महेश काळे यांनी. यातलं एक नाव इकडचं तिकडे झालं की जाणता वाचक तिथेच थांबतो.

चार तारे, साडेतीन तारे हे सुरुवातीला देऊच नका. आकडा लिहिला की त्याला शोभतील अशी कारणं आपण शोधायला लागतो.

दुसऱ्या दिवशी

लेख रात्रभर ठेवा. सकाळी पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक वाक्यापाशी मी भाचीला विचारला तोच प्रश्न विचारा, हे फक्त मीच लिहू शकले असते का? नसेल तर खोडा. तिच्या पहिल्या खऱ्या लेखातल्या सव्वीस वाक्यांपैकी अकरा उरली. ती थोडी हिरमुसली, पण अकरा वाक्यांचाच लेख भित्तिपत्रकावर लागला. सुरुवात उशीपासून आहे.

शक्य असेल तर तेवढं एक दृश्य पुन्हा बघा. आठवणीनं त्यात काही भर घातलेली असते. मी लिहिलं होतं की क्लार्क चष्मा काढून हसतो. पुन्हा पाहिलं तर माझ्या डोळ्यासमोर होतं तसं ते हसू मला सापडलं नाही, सापडले ते खांदे. वाक्य बदललं.

आणि नोंदीच्या खाली अर्धं पान कोरं सोडा. तोच सिनेमा पाच-दहा वर्षांनी पुन्हा पाहाल तेव्हा जुनं न खोडता, तारीख घालून, तिथेच लिहायचं आहे.